पाणबुडीतील दिवस आणि वेढ्यातील दिवस

१

युद्धविषयक वाङ्मयाची आपली चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत असते. लेखकाने पराक्रमाचा गौरव केला आहे काय, हा पहिला. आणि युद्धाची निरर्थकता त्याने प्रतीत करून दिली आहे काय, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाली की साहित्यकृतीचे स्थान निश्चित झाले, असे आपण समजतो. परंतु युद्धातील बहुसंख्य माणसांच्या आयुष्याचा मोठा भाग या दोन्ही प्रश्नांच्या बाहेर राहतो. लढाई प्रत्यक्ष चालू नसते तेव्हा लढणारा माणूस काय करीत असतो? तो कोठे झोपतो, काय खातो, अंग कशाने पुसतो, शेजाऱ्याच्या कोणत्या सवयीने त्याचे डोके उठते, आणि ज्याची वाट पाहावयाची ते न आल्यास त्याचे मन कशात गुंतते? हा प्रश्न क्षुद्र वाटतो. पण युद्धवाङ्मयाची खरी परीक्षा तोच घेतो, असे प्रस्तुत लेखात म्हणावयाचे आहे.

या प्रश्नाचे अत्यंत शुद्ध रूप पाहावयाचे असेल तर पाणबुडीकडे वळावे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने सर्वांत जास्त संख्येने वापरलेली पाणबुडी सुमारे ६७ मीटर लांबीची होती. त्या लोखंडी नळीत पन्नासएक माणसे आठवडेच्या आठवडे राहात. शौचकूप दोन, त्यांपैकी एक सफरीच्या प्रारंभी अन्नाच्या साठ्याने भरलेला. गोडे पाणी पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते. बिछाने माणसांहून कमी असल्याने एकजण पाळीवर गेला की दुसऱ्याने त्याच्या अंगाच्या उबेतच आडवे व्हावयाचे. दिवस व रात्र हा भेद तेथे आकाशावरून कळत नसे. पाळी बदलली म्हणजे काळ पुढे सरकला एवढेच. डिझेल तेलाचा, घामाचा आणि बुरसटलेल्या पावाचा वास नाकात बसून जाई. पाणबुडी दलात गेलेल्या सुमारे ४०,००० जर्मन खलाशांपैकी सुमारे ३०,००० परत आले नाहीत, असे सांगतात. हा आकडा भयंकर आहे; पण त्याने त्या माणसांच्या दिवसाविषयी आपल्याला काहीच कळत नाही. आकडा मरणाचा आहे. दिवस जगण्याचा होता.

२

पाणबुडीला जगाच्या वाङ्मयात मानाचे स्थान मिळवून दिले ते झ्यूल व्हर्नने. त्याची समुद्रतळाची कादंबरी १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाचे मूळ व्हर्नने 'गूढ बेट' या १८७४-७५ च्या कादंबरीत उघड केले, आणि ते भारतीय वाचकाला विशेष जवळचे आहे. कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडातील एका राजाचा पुत्र, राजकुमार दक्कर. १८५७ च्या उठावात तो आघाडीवर लढला, पराभवानंतर स्वजनांना मुकला, आणि भूपृष्ठावरील साम्राज्यांशी संबंध तोडून समुद्राखाली गेला. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या हाती दिल्यामुळे आपल्याकडील अनेकांच्या बालपणात नेमोला जागा आहे. बुंदेलखंड आणि अवध यांच्या रणधुमाळीतून निघालेला हा पुरुष जगातील सर्वांत प्रसिद्ध पाणबुडीचा स्वामी व्हावा, ही कल्पना आजही मोह घालते.

परंतु मोह बाजूला ठेवून पाहिले म्हणजे एक उणीव डोळ्यांत भरते. नेमोच्या पाणबुडीत ग्रंथालय आहे, चित्रसंग्रह आहे, वाद्य आहे. खलाशांना मात्र नाव नाही. ते एका कल्पित, अगम्य भाषेत बोलतात, हुकूम पाळतात, आणि त्यांच्यापैकी एकजण मेला की प्रवाळांच्या दफनभूमीत त्याला पुरले जाते. तो प्रसंग हृद्य आहे यात शंका नाही. पण मेलेला खलाशी जिवंत असताना काय खात होता, कोणाशी भांडत होता, हे आपल्याला कळलेले नसते. म्हणून आपला शोक त्या माणसासाठी होत नाही, नेमोच्या अश्रूंसाठी होतो. साम्राज्याशी वैर धरणाऱ्या नायकाच्या नौकेतही कनिष्ठांना वाणी नसावी, हा योगायोग मानता येत नाही. अद्भुताला दिनचर्या परवडत नाही. दिनचर्या आली की यंत्राला वास येतो, आणि नायकाला शेजारी येतो.

याच्या अगदी उलट टोकाला लोथार-ग्युंथर बुखहाइमची 'दास बोट' ही कादंबरी आहे. बुखहाइम १९४१ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून एका जर्मन पाणबुडीवर होता. कादंबरी त्याने त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने, १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात पाठलाग आहेत, स्फोट आहेत. परंतु वाचकाच्या मनात घर करून राहतो तो त्यांच्यामधील रिकामा काळ. समुद्रात भटकणे, वादळ, शत्रूचा पत्ता नसणे, तेच ते ग्राम्य विनोद, तेच चेहरे, ओलसर कपडे, बुरशीने पांढरे झालेले पाव. कंटाळा हा या कादंबरीचा एक प्रमुख विषय आहे, आणि कंटाळ्याविषयी शेकडो पाने कंटाळा न आणता लिहिणे ही साधी गोष्ट नव्हे. शत्रूची नौका डोक्यावर येते तेव्हा पाणबुडीत सारे निःशब्द होतात. कोणी चमचा पाडावयाचा नाही. पाण्यातील ध्वनी टिपणारा एकटा माणूस काय ऐकतो आहे, याकडे पन्नास जणांचे प्राण लागलेले असतात. आधीच्या पानांवर आपण या माणसांच्या क्षुल्लक सवयी जाणल्या नसत्या तर ही शांतता आपल्याला इतकी असह्य झाली नसती. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर येथील लय विरोधाची आहे: गोंगाटाविरुद्ध मौन, निष्क्रियतेविरुद्ध आघात. दिनचर्या म्हणजे येथे केवळ पार्श्वभूमी नव्हे. कृतीची घटना तिच्यावरच उभी आहे.

३

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे योग्य नाही. बुखहाइमचे खलाशी ज्या सत्तेसाठी लढत होते ती सत्ता मानवी इतिहासातील अत्यंत घृणास्पद सत्तांपैकी एक होती. त्यांच्या पाणतीरांनी बुडविलेल्या नौकांवरही माणसेच होती. वाचकाला पाणबुडीच्या आत नेऊन बसविले, तिचा वास, तिची भीती त्याच्या अंगवळणी पाडली, की बाहेरचे जग त्याला दिसेनासे होते. आणि मग हीच माणसे वाचावीत अशी प्रार्थना त्याचे मन नकळत करू लागते. दिनचर्या माणसाला माणूसपण देते हे खरे. पण तेच माणूसपण न्यायाच्या प्रश्नावर पांघरूण घालीत नाही काय?

या आक्षेपाला 'कलेचा न्यायाशी संबंध नाही' असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते पळवाटीचे उत्तर होय. बुखहाइमची कादंबरी स्वतः याहून अधिक प्रामाणिक आहे. जळणाऱ्या नौकेवरील माणसे पाण्यात पडलेली दिसतात आणि पाणबुडी त्यांना घेत नाही, घेऊ शकत नाही, अशा क्षणी तिच्या भिंतीला तडा जातो व बाहेरचे जग आत डोकावते. १९८१ मध्ये वोल्फगांग पेटरसनने या कादंबरीवरून काढलेला चित्रपट जगभर गाजला. स्वतः बुखहाइम मात्र त्यावर प्रसन्न नव्हता. रोमहर्षक प्रसंग पडद्यावर सहज उतरतात. आठवडेच्या आठवडे काहीच न घडण्याचा भार उतरणे कठीण. तो भार हलका झाला की सहानुभूती स्वस्त होते.

तेव्हा निकष असा मांडता येईल: बंदिस्त जगाची दिनचर्या लिहिणाऱ्याने भिंतीच्या आतील जीवन इतके खरे करावे की आपण तेथे राहू लागावे, आणि तरीही भिंतीपलीकडील माणसाचा ठोका आपल्या कानी पडावा. यांपैकी एकच अट पुरी झाली तर लेखन एक तर निर्जीव उपदेश होते, नाही तर स्वपक्षाची कैफियत. हा निकष केवळ पाणबुडीपुरता नाही. तो तपासून पाहावयास लखनौइतके योग्य स्थळ दुसरे नाही.

४

गोमतीकाठच्या त्या नगरात १८५७ च्या ३० जूनला चिनहटची लढाई हरून इंग्रज रेसिडेन्सीच्या आवारात कोंडले गेले. आत सुमारे ३,००० माणसे होती. त्यांत इंग्रजांच्या बाजूने राहिलेले सुमारे ७०० हिंदी शिपाई होते. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि औट्रॅम आत पोहोचले, पण तेही कोंडले गेले. सुटका झाली ती नोव्हेंबरात. जमिनीवर असूनही हे जग पाणबुडीसारखेच होते. स्त्रिया व मुले तहखान्यांत दाटीने राहात होती. नोकर निघून गेल्यामुळे ज्यांनी कधी चूल पेटविली नव्हती त्यांना पीठ मळण्याची, कपडे धुण्याची वेळ आली. शिधा वजनाने मिळे आणि दर काही दिवसांनी कमी होई. माशा, दुर्गंधी, देवी, पटकी आणि सतत तोफांचा मारा.

या वेढ्यातून रोजनिशींचे एक लहानसे वाङ्मयच निर्माण झाले. ॲडिलेड केस, कॅथरिन बार्ट्रम, लेडी इंग्लिस यांची पुस्तके त्यांत येतात. बार्ट्रमचा नवरा सुटकेसाठी आलेल्या सैन्याबरोबर होता आणि रेसिडेन्सीच्या अगदी दाराशी येऊन मारला गेला. वेढ्यात तिने जगविलेले मूल पुढे कलकत्त्यास, विलायतेच्या जहाजावर चढण्याच्या ऐन वेळी दगावले. हे तिने ज्या साधेपणाने लिहिले आहे तो साधेपणा टेनिसनच्या लखनौवरील १८७९ च्या कवितेत नाही. टेनिसनची कविता छपरावरील निशाणाभोवती रचलेली आहे. या स्त्रियांचे लेखन पाणी, पीठ आणि मूल यांभोवती. वाङ्मयीन दृष्ट्या निशाण पडले आणि पीठ टिकले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण आपल्या निकषाची दुसरी अट येथे कोठपर्यंत पुरी होते? नोकर 'पळाले' याची नोंद होते. ते कोठे गेले, का गेले, त्यांच्या घरी काय चालले होते, याची होत नाही. बेगम हजरत महलच्या लखनौत, बिरजिस कद्रच्या राज्यारोहणानंतर, त्या भिंतीपलीकडे एक संपूर्ण नगर जगत होते. ते नगर या रोजनिशींत केवळ गोळ्यांच्या आवाजाने उपस्थित आहे.

मात्र एका ठिकाणी भिंतीपलीकडील ठोका अक्षरशः ऐकू येतो, आणि तो रेसिडेन्सीच्या वृत्तान्तांतील सर्वांत विलक्षण भाग आहे. वेढा घालणाऱ्यांनी आवाराखाली सुरुंग खणावयास प्रारंभ केला. हे खणणारे बहुतांशी अवधचे पासी होते. भुयार खणण्यातील त्यांचे कौशल्य इंग्रज लेखकांनीही मान्य केले आहे. त्यांना तोंड देण्यासाठी आतून उलट भुयारे खणली गेली. ३२ व्या पलटणीत कॉर्नवॉलच्या खाणींत काम केलेले शिपाई होते. त्यांना हाताशी धरून कॅप्टन फुल्टन याने हे काम चालविले. जमिनीखाली, अंधारात, श्वास रोखून, पलीकडच्या कुदळीचा आवाज कोणत्या बाजूने येतो हे कान लावून ठरवावयाचे. तो जवळ आला की थांबावयाचे. पाणबुडीतील ध्वनी टिपणाऱ्या माणसाहून या माणसाचे काम निराळे नव्हते. आणि आपण थोडी कल्पना केली तर ध्यानात येते की पलीकडचा पासीही तेच करीत होता: तोही थांबत होता, तोही ऐकत होता. इंग्लंडच्या एका टोकाचा खाणकामगार आणि अवधच्या खेड्यातील खणणारा, दोघेही दुसऱ्यांच्या राज्यासाठी मातीत शिरलेले, हातभर अंतरावरून एकमेकांचा श्वास ऐकण्याचा प्रयत्न करीत होते. फुल्टन सप्टेंबरात मारला गेला; त्याचे नाव ग्रंथांत राहिले. पासी खणकांची नावे राहिली नाहीत. नेमोच्या खलाशांप्रमाणे तेही अगम्य भाषेत बोलणारेच राहिले.

५

भिंतीपलीकडचा हा आवाज लिहून ठेवणारा एक माणूस आपल्या भाषेला लाभला, हे मराठीचे भाग्य. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमधील ते दिवस त्यांनी आतून पाहिले. 'माझा प्रवास' हा त्यांचा ग्रंथ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितानुसारी पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये वाचकांपुढे ठेवला.

गोडसे भटजी योद्धे नव्हते, आणि स्वतःला देशभक्त म्हणवून घेण्याचीही त्यांना गरज वाटली नाही. घरचे कर्ज फेडावे, चार पैसे गाठीस बांधावे, तीर्थयात्रा घडावी, एवढा त्यांचा हेतू. म्हणूनच त्यांच्या नजरेतून नित्याच्या गोष्टी सुटत नाहीत. स्नान, संध्या, भोजन, कोणी किती दक्षिणा दिली, हे सारे तोफांच्या माऱ्यातही चालू राहते किंवा चालू राहात नाही म्हणून खटकते. नगर पडल्यानंतरच्या लुटीचे वर्णन पाहावे. लूटसुद्धा येथे दिवसवारीने होते: आधी सोनेनाणे, मग भांडीकुंडी, मग धान्य, असे घर टप्प्याटप्प्याने रिकामे होत जाते. विध्वंसालाही वेळापत्रक असते, हे विदारक सत्य त्यांनी कोणतेही भाष्य न करता सांगितले आहे. ते राणीला पाहतात, तिच्याविषयी त्यांना आदर आहे. परंतु तहानेने व्याकूळ झालेला, लपून बसलेला, आपल्या गाठोड्याची चिंता करणारा सामान्य माणूस त्यांच्या ग्रंथात राणीइतकाच स्पष्ट उभा आहे. नेमोच्या बुंदेलखंडाची जी दिनचर्या व्हर्नला सुचली नाही ती एका कोकणी भिक्षुकाने लिहून ठेवली.

हा ग्रंथ लखनौस पोहोचला तो अमृतलाल नागरांमुळे. चौकातील जीवनाचा हा मर्मज्ञ हिंदी कादंबरीकार मुंबईच्या वास्तव्यात मराठीशी परिचित झाला होता. त्याने गोडसे भटजींना 'आँखों देखा गदर' या नावाने हिंदीत नेले. पुढे १९५७ च्या सुमारास अवधच्या जिल्ह्यांतून हिंडून, गावोगावच्या वृद्धांच्या तोंडच्या आठवणी गोळा करून त्याने 'गदर के फूल' सिद्ध केले. या दोन कामांत एक अंतःसूत्र आहे. रेसिडेन्सीच्या आतील दिवस लिहून झाला होता. बाहेरचा दिवस शंभर वर्षे लोकांच्या स्मृतीत पडून होता. नागरांनी तो उचलण्यासाठी आधी एका मराठी भटजीपासून धडा घेतला असे निश्चयाने म्हणता येणार नाही. पण दोघांच्या दृष्टीचे नाते उघड आहे. एका भारतीय भाषेने दुसरीला दिलेले असे ऋण आपल्या वाङ्मयीन इतिहासांतून क्वचितच नोंदले जाते.

६

आता पुन्हा पाणबुडीकडे. भारतीय नौदलाचे पाणबुडी दल ८ डिसेंबर १९६७ रोजी 'कलवरी'च्या स्वीकाराने अस्तित्वात आले. पुढील वर्षी आलेल्या 'खांदेरी'चे नाव थळच्या समुद्रातील शिवकालीन दुर्गाशी जुळते. १६७९ मध्ये इंग्रज व सिद्दी यांच्या गलबतांना तोंड देत त्या खडकावर तट बांधणाऱ्या पाथरवटांचीही दिनचर्या कोणी लिहिलेली नाही. नाव मात्र तीनशे वर्षांनी पाण्याखाली गेले. 'कुरसुरा' ही त्याच पिढीतील पाणबुडी आता विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. प्रेक्षक एका टोकाने शिरतो, वाकून दारे ओलांडतो आणि थोड्याच वेळात दुसऱ्या टोकाने उन्हात येतो. जेथे सुमारे पाऊणशे माणसे आठवडेच्या आठवडे राहिली तेथे आपण काही मिनिटे काढली, याची जाणीव यंत्रे पाहून होत नाही. ती करून देणे हे वाङ्मयाचे काम.

आणि त्या वाङ्मयापुढे आपल्याकडे दुसरी अटही लगेच उभी राहते. डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी ९३ माणसांसह बुडाली. ९ डिसेंबरला 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. 'हँगोर' आज कराचीत संग्रहालय आहे, जशी 'कुरसुरा' आपल्याकडे. 'खुकरी'च्या खलाशाचा शेवटचा दिवस लिहिणारा लेखक आपल्याला हवा आहे. पण त्याच दिवशी 'हँगोर'मध्ये कान लावून बसलेल्या माणसाचे कपडेही ओले होते, हे ज्याला लिहिता येईल तो अधिक मोठा लेखक ठरेल. त्यासाठी त्याने आपला शोक कमी करण्याची गरज नाही. उलट शोक खरा असेल तरच पलीकडचा ठोका ऐकण्याचे बळ येते.

मराठीला ही वाट अगदीच अनोळखी नाही. विश्राम बेडेकरांनी 'रणांगण'मध्ये १९३९ साली एका बोटीच्या बंदिस्त जगात येऊ घातलेले महायुद्ध आणून बसविले. तेथे एकही गोळी सुटत नाही, आणि जेवणघर, डेक, कॅबिन यांच्यातील दिवसच रणांगण होतो. मर्ढेकरांनी 'काही कविता'मध्ये पिंपात कोंडून मेलेल्या उंदरांकडे पाहून युद्धोत्तर माणसाची कोंडी ओळखली. या दोघांनाही ठाऊक होते की कोंडलेल्या माणसाची गोष्ट पराक्रमाने सुरू होत नाही. ती सुरू होते जागेपासून: हात किती लांब करता येतो, आणि शेजारी कोण झोपला आहे.

लखनौच्या रेसिडेन्सीचे भग्नावशेष आज जपलेले आहेत. तेथील भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा दिसतात आणि प्रेक्षक त्या बोटांनी चाचपून पाहतात. जमिनीखालच्या भुयारांत दोन्ही बाजूंनी खणणाऱ्यांचे श्वास मात्र कोणत्याही भिंतीवर उमटलेले नाहीत. त्यांच्यासाठी शिलालेख पुरणार नाही. गोडसे भटजींसारखा, गाठोडे सांभाळीत सारे पाहणारा कोणी लागेल.